प्रत्येक हाक ऐकणारी

“पडद्यावर कुणाचं बोट कुठे अडखळलं, तेसुद्धा मला कळायला हवं,” असं निहारिका सबनीस एकदा म्हणाली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्हणाली होती आणि तिथे ते वाक्य अगदी निरुपद्रवी होतं. विद्यापीठातल्या संशोधकांना मायक्रोस्कोपसारखी मोठी यंत्रं आळीपाळीने वापरावी लागतात. कुणी कुठलं यंत्र कधी घ्यायचं, हे ज्या वेबपानावर ठरतं ते पान निहारिकाची छोटी कंपनी बनवते. त्या पानावर डोळ्यांना दिसणारं सगळं, म्हणजे बटणं, चौकोन, याद्या, कॅलेंडर, हे तिचं काम.

निहारिका नाशिकची. वडील औषधांच्या कारखान्यात, आई घरी, एक धाकटी बहीण. बहिणीला बक्षीस मिळालं की निहारिका सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायची आणि रात्री जेवायची नाही. आईला वाटायचं, पित्ताचा त्रास आहे. लिंबू-साखरेचं पाणी द्यायची. निहारिका ते निमूट प्यायची. आपल्याला काय होतंय याचं नाव तिला तेव्हाही माहीत होतं, पण नाव घेतलं की ते खरं होईल अशी भीती वाटे.

तिचा नवरा निशिकांत चेतापेशींवर संशोधन करतो. दिवसाचे बरेच तास अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून काढतो. स्वभावाने चांगला, कुणावर आवाज न चढवणारा. फक्त गोष्टी उशिरा सांगणारा. सिंगापूरला जायचं ठरलंय हे त्याने तिला सांगितलं ते होकाराची मेल पाठवून झाल्यावर. त्याच्या बाबांची अँजिओग्राफी तिला कळली ती ते घरी परतल्यावर. “अगं, सांगणारच होतो,” हे त्याचं वाक्य. तो खोटं बोलत नसे. तो खरंच सांगणारच असे. पण दर वेळी कुणालातरी ते आधीच माहीत असायचं, आणि ते कुणीतरी निहारिका नसायची.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात, एचडीबीच्या म्हणजे सरकारी घरांच्या एका ब्लॉकमध्ये त्यांचा भाड्याचा फ्लॅट. निशिकांतच्या लॅबनेही निहारिकाच्या कंपनीचंच पान घेतलं होतं. याचा तिला सुरुवातीला फार आनंद झाला होता. दिवसभर तो तिने बनवलेल्या बटणांना हात लावतो, असं मनात येऊन बसमध्ये एकटीच हसायची.

आता तिच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पानाचा प्रत्येक तुकडा बोलका असतो. बटण दाबलं की ते हाक देतं: मला दाबलं. यादीतलं नाव बदललं की यादी हाक देते: माझ्यातलं बदललं. या हाकेला प्रोग्रामर लोक इव्हेंट म्हणतात. हाक तुकड्यापासून निघते, त्याला पोटात घेणाऱ्या मोठ्या तुकड्याकडे जाते, तिथून आणखी मोठ्याकडे, अशी पानाच्या माथ्यापर्यंत. वाटेत ज्याला गरज असेल त्याने ती ऐकायची. पण वाटेतला एखादा तुकडा हाक गिळूनही टाकू शकतो. मग वर शांतता. शांतता म्हणजे काही घडलंच नाही असं नव्हे, हे निहारिकाला कॉलेजात शिकवलं होतं; पटलं मात्र लग्नानंतर.

झालं असं, की ‘बुक करा’ हे बटण काही लोकांसाठी मुकं झालं. माणूस दाबतोय, पण पुढे काही होत नाही. लॅबवाल्यांच्या तक्रारी आल्या. निहारिका एकेका तुकड्यापाशी थांबून शोधत होती. तिची मॅनेजर वेई लिंग मागून येऊन उभी राहिली.

“एकेक कसली शोधत बसतेस?” ती म्हणाली. “कॅच ऑल, ला,” तिने सिंगापुरी हेल काढला. “सगळ्याच हाका पकड.”

म्हणून निहारिकाने जिथून हाका सुटतात तिथेच एक कान लावून दिला. कुणाची हाक, कसली हाक, काही विचारायचं नाही. निघाली की पकडायची आणि माणसाच्या नावासकट ऑफिसात पाठवायची. पान वापरणाऱ्या प्रत्येकाचं प्रत्येक दाबणं, सरकणं, लिहिणं, खोडणं तिच्या पडद्यावर ओळीओळीने वाहू लागलं. त्या पुरात तिला चोर सापडला. नवं कॅलेंडर बटणाची हाक मध्येच गिळत होतं. तिने ते दुरुस्त केलं.

“आता तो कान काढून टाक,” वेई लिंग म्हणाली. “लोकांचं इतकं सगळं आपल्याला नको.”

“काढते,” निहारिका म्हणाली.

त्याच आठवड्यात शनिवारी निशिकांतच्या लॅबची पुलाउ उबीन बेटावर सहल होती. बेटावर नेणाऱ्या छोट्या बमबोटीत निहारिकाच्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. केस वर बांधलेले, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा तसाच राहिलेला. ऋग्वेदा, पुण्याची, पीएचडी संपवून लॅबमध्ये नुकती आलेली.

“तुम्हीच निहारिकाताई ना? निशिकांत सारखा तुमच्याबद्दल बोलत असतो.”

निहारिका हसली. मी ताई आणि तो नुसता निशिकांत, एवढं तिच्या मनाला लागलं. आणि सारखा? घरी तर त्याच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागतो.

बेटावर सायकली घेतल्या. निहारिकाची सायकल जड होती की पाय, कोण जाणे. ती मागे राहिली. रबराच्या झाडांमधून लाल मातीचा रस्ता जात होता आणि पुढे त्या दोघांच्या पाठी एकसारख्या वरखाली होत होत्या. एका जुन्या कौलारू घरापाशी ते थांबले तेव्हा निहारिका पोचली. निशिकांत शर्टाची बाही वर करून ऋग्वेदाला कोपरावरचा व्रण दाखवत होता.

“…आणि मामा वरून ओरडतोय, हात सोडू नकोस, हात सोडू नकोस! आणि मी हात सोडलाच. थेट विहिरीत.”

“मग बाहेर कसा आलास?”

“कळशीच्या दोराने! वर काढलं आणि मामीने आधी एक कानाखाली दिली.”

ऋग्वेदा पोट धरून हसत होती. तो व्रण निहारिकाला पाठ होता. अंधारात बोटाने ओळखता आला असता. क्रिकेट खेळताना झाला असेल, असं तिने आपणच ठरवून टाकलं होतं.

“हे मला कधी सांगितलं नाहीस,” ती म्हणाली.

“सांगितलं असेल की.”

“नाही सांगितलंस.”

“मग तू विचारलं नसशील,” निशिकांत हसत म्हणाला आणि नारळपाण्याच्या टपरीकडे वळला.

परतताना बमबोटीच्या इंजिनाने कुणाला बोलूच दिलं नाही. निहारिकाला ते बरं वाटलं. तिला बोलायचं नव्हतं. तिला ती विहीर परत हवी होती, आपल्या आधी कुणी ऐकली नव्हती अशी.

सोमवारी ती ऑफिसात आली, कॉफी ठेवली आणि वाहत्या ओळींच्या वर शोधायच्या चौकोनात ऋग्वेदाचं नाव घातलं. एवढंच. पूर थांबला. एका माणसाची बारीक धार उरली.

ऋग्वेदाने पान उघडलं. त्यानंतर लगेच दुसरी ओळ: यंत्रावर सोबत कुणाला घ्यायचं ते निवडायच्या ‘सोबत कोण’ या यादीतलं नाव बदललं, निशिकांत. थोड्या वेळाने तिसरी: ‘सोबत कोण’ बदललं, रिकामं. मग कॅलेंडर, मग वेळ, मग बुकिंग. एकटीचंच.

निहारिकाने मागचे दिवस पाहिले. रोज तेच. पान उघडायचं, सगळ्यांत आधी निशिकांतचं नाव निवडायचं, थोडं थांबायचं आणि पुसायचं. थांबणं कधी एका श्वासाचं, कधी त्याहून लांब. निहारिकाने कॉफीला हात लावला नाही. हे तिला ठाऊक होतं. अकरावीत असताना वहीच्या मागच्या पानावर तिनेही एक नाव असंच लिहिलं होतं आणि कुणी पाहायच्या आत खोडलं होतं. खोडण्यात लिहिण्याइतकंच सुख होतं. ही मुलगी रोज सकाळी ते सुख घेते. माझ्या पानावर, मी बनवलेल्या चौकोनात.

कान तसाच राहिला. वेई लिंगने एकदा विचारलं, निहारिका म्हणाली, अजून एक शंका आहे. ते खोटं नव्हतं.

पुढचे दिवस ती दोन ठिकाणी राहू लागली. अंगाने ऑफिसात, आणि मनाने त्या बारीक धारेत. ऋग्वेदाने उशिरा पान उघडलं की वाटे, आज दोघं आधी कुठेतरी चहाला गेले असतील. उघडलंच नाही की वाटे, आज भेटीला पानाची गरज उरली नाही. नाव जास्त वेळ राहिलं की निहारिकाला ते दुखे. लगेच पुसलं गेलं की तेही दुखे. एवढं झटकन पुसण्यासारखं काय आहे माझ्या नवऱ्यात?

घरी ती निशिकांतला विचारी.

“ऋग्वेदा कशी आहे कामाला?”

“बरी आहे.”

“बरी म्हणजे?”

“म्हणजे बरी. हुशार आहे. जरा घाई करते.”

“कसली घाई?”

“अगं, पेशी मारते गं. नीट गरम ठेवत नाही. काय झालंय तुला?”

“काही नाही. खिचडी वाढू?”

तिने त्याच्या शर्टाचा वास घेऊन पाहिला. त्याला लॅबच्या स्पिरिटचा वास होता, नेहमीसारखा. फोन तिने पाहिला नाही. दुसऱ्याचा फोन उघडणाऱ्या बायकांबद्दल तिला तिरस्कार होता. आपण तसं काही करत नाही, असं ती स्वतःला सांगे. आपल्यापर्यंत जे चालत येतं तेवढंच आपण बघतो.

मग तिनेच निशिकांतला म्हटलं, की ऋग्वेदाला रविवारी जेवायला बोलाव. निशिकांत खूष झाला. “बिचारी हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर खाऊन कंटाळलीये. प्रबोधलाही बोलावू?” प्रबोध त्याच्याच लॅबमधला, ठाण्याचा, बडबड्या. बोलाव, निहारिका म्हणाली. तिला फक्त एकदा ते डोळे जवळून बघायचे होते. पडद्यावर बोट दिसतं, डोळे दिसत नाहीत.

शनिवारी ती लिटिल इंडियात जाऊन काटेरी देठांची छोटी वांगी निवडून घेऊन आली. प्रत्येक वांगं हातात फिरवून पाहिलं. दुकानदार तमिळमध्ये काहीतरी पुटपुटला. एवढ्या निगुतीने तिने निशिकांतच्या आईसाठीही कधी स्वयंपाक केला नव्हता.

रविवारी दुपारी दोघं आले. ऋग्वेदाने श्रीखंडाचा डबा आणला होता. “घरचं नाही हां ताई, विकतचंय, रागावू नका.” तिच्या नाकावर आज पांढरा पट्टा नव्हता. ती स्वयंपाकघरात येऊन कोशिंबीर कालवू लागली, न सांगता मीठही घातलं. बरोबर घातलं, याचाही निहारिकाला राग आला.

जेवायला बसले.

“ताई, वांगी कसली भारी झालीत! निशिकांत, नशीबवान आहेस हां.”

“नशीब घरी आहे,” निशिकांत म्हणाला. “डब्यात कधी येत नाही ते. डब्यात आपली दुधीची भाजी.”

“डब्यात दिली असती तर वाटून खाल्ली असतीस,” निहारिका म्हणाली.

“मग मला मिळाली असती की वहिनी!” प्रबोध तोंडात घास घेऊन म्हणाला. “पक्षपात आहे हा. मी याच्या शेजारी बसून सँडविच खातो. चीज पण नसतं त्यात.”

सगळे हसले. ऋग्वेदा मायक्रोस्कोपबद्दल सांगू लागली; पहिल्या दिवशी तिने भलताच दिवा लावला आणि अख्खी स्लाइड कशी जाळली ते. “निशिकांत शेजारी उभा नसता तर मला हाकलूनच दिलं असतं. अजूनसुद्धा यंत्रापुढे बसले की आधी हाच आठवतो.”

निहारिकाने वाटी खाली ठेवली.

“म्हणून बुकिंगचं पान उघडलं की आधी त्याचं नाव निवडतेस का?”

ऋग्वेदाला कळलं नाही. ती हसतच होती. “काय?”

“‘सोबत कोण’मध्ये. रोज आधी निशिकांत निवडतेस. मग पुसतेस.”

“मी? नाही हो ताई. मी त्या यादीला हातसुद्धा लावत नाही. माझं ट्रेनिंग झालं ना, आता एकटीचंच बुकिंग असतं.”

“रोज निवडतेस,” निहारिकाचा आवाज अगदी शांत होता. “गुरुवारी दुपारी तर किती वेळ ठेवलं होतंस ते नाव. मग पुसलंस.”

ऋग्वेदाचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं. निहारिका तेच डोळे बघत होती. त्यांत चोरी नव्हती. फक्त गोंधळ होता, आणि हळूहळू भीती.

प्रबोधला हवा कळली नाही. किंवा कळली आणि म्हणूनच तो घाईने बोलला. “अहो वहिनी, ते माझ्याकडेपण येतं! हे बघा ना.” त्याने डाव्या हाताने खिशातून फोन काढला. “माझं नेट रडतं नेहमी. पान अर्धवट उघडतं तेव्हा आधी याचंच नाव दिसतं. मला वाटायचं, निशिकांत लॅबचा बाप आहे, त्याची परवानगी घेऊनच आत जायचं. थांबा, उघडतोय. हां. बघा.”

त्याने फोन ताटांच्या मधोमध टेबलावर ठेवला. पान करड्या पडद्याआडून हळूहळू वर येत होतं. ‘सोबत कोण’च्या चौकोनात नाव होतं: निशिकांत. कुणाचंही बोट काचेवर नव्हतं. मग नेट आलं, करडेपणा गेला आणि चौकोन रिकामा झाला.

“दिसलं? सगळ्यांचं असंच होतं,” प्रबोध म्हणाला. “कुणीतरी आतच लिहून ठेवलंय ते.”

निहारिकाला कुणी ते सांगायची गरज नव्हती. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा ही यादी तिने बनवली होती. कुठल्याच लॅबची नावं अजून आलेली नव्हती आणि यादी चालते की नाही हे पाहायला काहीतरी नाव घालावं लागतं. लोक ‘अबक’ घालतात, ‘टेस्ट’ घालतात. निशिकांत दिवसभर अंधाऱ्या खोलीत असायचा, या शहरात तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि पडद्यावर जे नाव बघायला बरं वाटेल ते तिने घातलं. पान उघडलं की आधी हे नाव भर, असं तिनेच यादीला सांगितलं होतं. यादी ते भरते आणि आपणच हाक देते: बदललं. खरी माहिती पोचली की पुसते आणि पुन्हा हाक देते: बदललं. काढायचं राहून गेलं होतं. हाक माणसाच्या बोटाने दिली की तुकड्याने स्वतःहून, हे वेगळं ओळखता येतं. तेवढी एक खूण हाकेबरोबर ठेवावी लागते. बटणाच्या चोराला शोधायला ती लागत नव्हती, म्हणून तिने ठेवली नव्हती. आणि शोधायच्या चौकोनात एकच नाव घातल्यावर बाकी सगळ्यांच्या पानांवर रोज काय लिहिलं-पुसलं जातंय, हे तिला कधी दिसलंच नाही.

निशिकांत मोबाइलकडे बघत नव्हता. तो निहारिकाकडे बघत होता.

“गुरुवारी दुपारी ऋग्वेदा काय करत होती,” त्याने विचारलं, “हे तुला कसं माहीत?”

खाली शाळेच्या मैदानावर मुलांचा फुटबॉल चालला होता, तो आवाज खिडकीतून आत आला.

“निहारिका, मी विचारतोय. तुला कसं माहीत?”

“म्हणजे…” ऋग्वेदा हळू म्हणाली, “मी जे जे दाबते ते सगळं तुम्हाला दिसतं का, ताई? सगळं?”

“नाही, तसं नसेल गं,” प्रबोध म्हणाला आणि त्याने फोन उलटा करून ठेवला.

“माझंही दिसतं?” निशिकांतने विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर निहारिकाला उत्तर देता आलं असतं. “किती दिवस बघत होतीस? मला विचारायचं होतंस ना. मी समोर बसतो तुझ्या रोज.”

ते नाव मी लिहिलंय, एवढं एक वाक्य तिच्यापाशी होतं. मी लिहिलंय, मला तुझं नाव बघायचं असायचं. ते ऐकून निशिकांत कदाचित हसला असता. निदान ऋग्वेदा तरी हसली असती, आणि मग श्रीखंडाचा डबा उघडला गेला असता. पण त्या वाक्यानंतर, मी रोज ऋग्वेदाला बघत होते, हे दुसरं वाक्य सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितल्यावर निशिकांत त्याच टेबलावर रोज समोर बसेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. तो थांबला होता. आयुष्यात पहिल्यांदा ती उशिरा सांगणारी होती आणि तो वाट बघणारा.

“बोल ना,” तो म्हणाला.

निहारिका उठली. उष्टा हात तिने धुतला, नॅपकिनला पुसला, नॅपकिनची घडी घातली. ऋग्वेदाच्या खुर्चीमागून जाताना तिने अंग चोरलं, तिला धक्का लागू नये इतपत. दार उघडून चपला पायात अडकवल्या. निशिकांतने तिचं नाव घेतलं. लिफ्ट वरच उभी होती, पण ती लिफ्टकडे न जाता जिन्याकडे वळली आणि खाली उतरू लागली.